सगळे कर्ण एकाच बाजूला

शेफील्डात सपाट असं काही नाही.
वॉकलीच्या चढावर आमचं घर,
शेजारचं वीतभर वर, त्यापुढचं आणखी वीतभर,
आणि सगळ्या छपरांची ओळ एकाच अंगानं उतरत जाते
खाली नदीपर्यंत, जिथं पूर्वी सुऱ्यांना धार लावत.

रात्रीचे पावणेबारा. ब्रायनीची फाईल उघडून बसलोय.
पीएचडीचं पहिलंच वर्ष तिचं. एवढंच लिहिलंय:
‘जुळे भांडतायत.’

प्रश्न तसा पोरखेळाचा.
चौकोनी डबा, आत एक इलेक्ट्रॉन,
चारी भिंतींवर शून्य. भिंतीला टेकायची मुभा नाही
एवढी एकच अट आपण घालतो, बाकी तो ठरवतो
कुठल्या ऊर्जांवर राहायचं.
आयगेन म्हणतात त्याला. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ ‘आपलं’.
आपली किंमत. दुसऱ्या कुणी लावलेली नव्हे.

डबा चौकोनी, म्हणजे उभं एक आडवं दोन
आणि उभं दोन आडवं एक
यांची ऊर्जा एकच हवी. डबा पाव फेरा फिरवा,
कोण कोणता, हे डब्यालाही सांगता यायचं नाही.

पहिली पायरी १९.८६. ठीक.
त्यावर जुळे: ४९.८७
आणि ५०.१६.

मी आधी संशय घेतला तिच्यावर.
एकक तपासली, वस्तुमानाचं मॅट्रिक्स तपासलं,
सॉल्व्हरची सहनशीलता तीन शून्यांनी घट्ट केली.
मग जाळी निम्मी बारीक केली. ४९.४८, ४९.५५.
भांडण मिटलं नाही, फक्त आवाज खाली आला.

या रीतीचा एक गुण मला आवडतो:
चुकते ती नेहमी वरच्या अंगानं.
खरी किंमत खाली, ४९.३५च्या जरा अलीकडे,
आपण तिच्याकडे उतरत राहतो, गुडघे सांभाळत,
आणि तिच्याखाली पाय कधी जात नाही.

एक वाजता तरंगांची चित्रं काढली.
एक लाल फुगा, एक निळा. भिंतींना समांतर असायला हवे होते,
तर दोघंही तिरपे, कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे ताणलेले,
जणू अंथरुणात कुणी खाली ओढलंय.

तेव्हा जाळी मोठी करून पाहिली.
प्रत्येक घर दोन त्रिकोणांत कापलेलं,
आणि चारशेच्या चारशे कर्ण
डावीकडून उजवीकडे, चढणीला लागलेले.

बार्शीत आमच्या बोळाच्या तोंडाशी केरूनाना बाजा विणायचे.
एकदा मापाऱ्यांची बाज परत आली,
झोपलेला माणूस सकाळी कडेला सापडतो म्हणून.
नानांनी बाज पाहिली, माणूस पाहिला नाही.
‘सुंभ एका अंगानं ओढलाय,’ म्हणाले,
‘त्याला काय बोलता?’
ती वीण त्यांच्याच मुलाची होती.
दुपारभर सगळी उसवली, बोलले नाहीत कुणाशी.

दोन ओळी लिहिल्या फक्त.
रांग आणि स्तंभ यांची बेरीज विषम आली
की कर्ण उलटा फिरव.
चालवलं. जुळे एका आकड्यावर आले,
बाराव्या दशांशापर्यंत. तेराव्यावर थोडी कुरबुर,
ती असू दे. ती यंत्राची.

ब्रायनी जागीच होती. विचारलं तिनं,
मग आधीच्या दोघांतला खरा कुठला?
दोन्ही नाही, लिहिलं. आत्ताचाही नाही.
उतार अजून बाकी आहे.

बाहेर मिठाची गाडी चढ चढतेय, पिवळा दिवा फिरवत.
उद्या रस्ते गोठतील.

सोमवारी प्रयोगशाळेतून खरा ठिपका येईल,
भिंगासारखा फुगीर, चौकोन बिकोन काही नाही,
कुणी मोजून वाढवलेला नाही, आपला आपण उगवलेला.
त्यात जुळे वेगळे निघाले तर
रात्रभर बसून आधी हे विचारावं लागणार:
ठिपका कललाय,
की विणताना आम्ही?